तिफण, सोलापूर शाखा

बंगळूर, २० जून २०२४

भुवी,

फोनवर तू माझ्या प्रत्येक वाक्याला हसतेस, म्हणून मेल लिहितोय. हसलीस तरी मला ऐकू येणार नाही.

आमच्या कंपनीनं ‘तिफण’ नावाचं नवं वेब फ्रेमवर्क काढलंय, हे तुला माहीत आहेच. वेबसाइट बांधायची तर दरवेळी पायापासून सुरुवात करावी लागते. हा तयार सांगाडा घेतला की अर्धं काम झालेलं असतं. फुकट आहे, कोड सगळ्यांना खुला आहे. आता ते लोकांनी वापरायला हवं, आणि लोकांना वापरायला लावायचं हे माझं काम. मोठ्या शहरांत आमचे गट झाले. पण आता साहेबांना छोट्या गावांतली गुणी पोरं हवी आहेत. मीटिंगमध्ये त्यांनी विचारलं, कुणाचं गाव लहान आहे? सगळे माझ्याकडे बघायला लागले. दुधनी म्हणायचा धीर झाला नाही, सोलापूर म्हणालो.

तर सोलापूरचा गट तू उभा कर. महिन्याला एक मेळावा, तीस-चाळीस डेव्हलपर, थोडं शिकवणं, थोडं चहापाणी. बॅनर, स्टिकर, टी-शर्ट मी पाठवतो. नाहीतरी तू तिथं टॉवेलवाल्यांच्या वेबसाइटी करत बसलीयस. निदान चार लोकांत नाव होईल.

नाही म्हणालीस तर आईला सांगेन.

तुझा,
चन्नवीर

*

सोलापूर, ८ जुलै २०२४

चन्नूअण्णा,

सांगेन कसलं म्हणतोस, तुझ्या मेलच्या आधी गंगम्मा दोड्डव्वाचा दुधनीहून फोन आला होता. चन्नूच्या कामाला नाही म्हणू नकोस, सख्खी नसलीस म्हणून काय झालं, चुलत बहीणच की, वगैरे. तुझ्या आईला कंपनीत घेतलं असतं तर एव्हाना अख्खा अक्कलकोट तालुका वेबसाइटी बांधत असता.

मेळावा काल झाला. जागा म्हणजे नव्या पेठेतलं माझं ऑफिस, साडीच्या दुकानाच्या डोक्यावर. तीस-चाळीस डेव्हलपरांची तुझी अपेक्षा वाचून खाली चहावाल्याला सांगून ठेवलं होतं. अण्णा, सोलापूरचा डेव्हलपर शिकला की हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जातो आणि लग्नाच्या पत्रिका वाटायला परत येतो. माझ्या वर्गातले सगळे तसेच गेले. काल आले चौघं.

पहिले एक आजोबा. ‘तिफण मोफत शिका’ हे पोस्टर वाचून आले होते. पोरांना पेरणी शिकवणारं कुणीतरी निघालं, याचा त्यांना आनंद झाला होता. मी खरं काय ते सांगितल्यावर म्हणाले, मग नाव कशाला घेतलं? याचं उत्तर तुझ्या साहेबांना विचारून कळव. दुसरा एक गृहस्थ, त्याला एसी किती वाजेपर्यंत चालू राहील एवढंच विचारायचं होतं. तिसरे पंचाक्षरी, सुताच्या व्यापाऱ्याकडे कॉम्प्युटर सांभाळतात, पंचेचाळिशीचे. तुझ्यासारख्या शिकवणाऱ्यांवर त्यांचा विश्वास नाही, म्हणून स्वतः तपासायला आले. चौथी अंकिता, वळसंगची. इंजिनिअर झालीय, नोकरी नाही, एसटीनं आली. तुमची सगळी माहिती वाचून आली होती आणि त्यातल्या चुका काढून आणल्या होत्या.

आजोबा आणि एसीवाले गेले. आम्ही तिघं संध्याकाळपर्यंत बसलो. चहा फार झाला, दुसरं काही नाही.

भुवनेश्वरी

*

बंगळूर, १२ जुलै २०२४

भुवी,

चार हा आकडा अहवालात बसत नाही. त्यातले एक पेरणीवाले आणि एक एसीवाले, म्हणजे दोनच. मी ‘उत्साही सुरुवात’ असं लिहून वेळ निभावली.

पुढचा मेळावा एखाद्या कॉलेजात घे. तिथं मुलं आयती बसलेली असतात. फोटो कोपऱ्यातून काढ, मुलांना विरळ बसव, दोन खुर्च्यांमध्ये एक रिकामी ठेवली तरी फोटोत भरल्यासारखं दिसतं. याचं शास्त्र आहे. मी याचाच पगार घेतो.

आणि त्या अंकिताला नुसत्या चुका काढू देऊ नकोस, काहीतरी खरं बांधायला सांग. गटातल्या लोकांना आमचा सर्व्हर फुकट आहे, कायमचा. साइट बांधायची आणि ठेवून द्यायची, पुढं बघायचंच नाही. हा माझा शब्द.

चन्नवीर

*

सोलापूर, २ सप्टेंबर २०२४

चन्नूअण्णा,

फोटो पाठवलेत. दीडशे मुलं आहेत, विरळ बसवायची गरज पडली नाही.

एका कॉलेजानं हॉल दिला. अट एवढीच की प्राचार्य अध्यक्ष आणि संस्थेचे बापूसाहेब प्रमुख पाहुणे. दीपप्रज्वलन झालं, शाल-श्रीफळ झालं, माझा सत्कार झाला, मी त्यांचा केला. बापूसाहेबांनी तंत्रज्ञान आणि संस्कार या विषयावर मुलांना जेवणाच्या सुट्टीपर्यंत धरून ठेवलं. तिफणचा उच्चार त्यांनी दोनदा केला, दोन्ही वेळा पिकाच्या संदर्भात. मला बोलायला दहा मिनिटं मिळाली. त्यानंतर मुलांनी हजेरी लावली, टी-शर्ट घेतले आणि सोलापुरातली तंत्रक्रांती बसस्टॉपकडे निघून गेली.

पण त्यातल्या तीन मुली आणि दोन मुलं पुढच्या रविवारी माझ्या ऑफिसात आली. त्याच्या पुढच्या रविवारीही आली. आता दर रविवारी अकराला बसतो. मराठीत बोलतो, अडलं तर कन्नडमध्ये, आणि काहीच कळेनासं झालं की इंग्रजीत. तुमच्या माहितीची पानं अंकितानं मराठीत उतरवायला घेतलीत. पंचाक्षरी प्रत्येक ओळीला हरकत घेतात, त्यामुळं ती चांगली होतायत.

आणि खरं काहीतरी बांधलंय. वळसंगला अंकिताची मावशी आहे, गोजाबाई. बायकांना घेऊन कडक भाकरी आणि शेंगाचटणी करते. अंकितानं तिची साइट बांधली, ऑर्डर घेणारी. बायका आधी तयारच नव्हत्या. न पाहिलेल्या माणसाला भाकरी कशी द्यायची, म्हणत होत्या. अंकितानं घरोघरी जाऊन समजूत घातली. साइट तुझ्या सर्व्हरवर आहे, कायमची.

हे तुझ्या अहवालात कुठं बसतं ते तू बघ.

भुवनेश्वरी

*

सोलापूर, ११ नोव्हेंबर २०२४

चन्नूअण्णा,

दिवाळीला दुधनीला आला नाहीस. दोड्डव्वानं तुझ्या वाट्याच्या करंज्या मला खायला लावल्या, त्याचा जाब तुला द्यावा लागेल.

कुठल्याशा परिषदेत तू अंकिताचा फोटो भिंतीएवढा दाखवलास म्हणे. तिला इंटरनेटवर सापडला. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, ‘खेड्यातली मुलगी, जिचं आयुष्य तिफणनं बदललं.’ तिनं विचारलं, ताई, माझं आयुष्य बदललं हे मला कधी सांगणार होते? मी म्हटलं, पुढच्या परिषदेत.

इकडे ऑर्डरी इतक्या आल्या की गोजाबाईंनी आणखी बायका घेतल्या. ऑर्डरी पुण्यातून, नाशिकहून, एक तर कोचीहून. संक्रांतीच्या भोगीला बाजरीच्या भाकरीची मागणी मोठी असते, त्यासाठी आत्तापासून नोंदणी सुरू केलीय. वळसंगात आता अंकिता बसमधून उतरली की बायका तिला विचारतात, आज कुठं कुठं गेली भाकरी?

मेळाव्याला बारा-चौदाजण असतात. मी सगळ्यांत मोठी बाई, सगळे ताई म्हणतात. रविवारी मला ऑफिसला जायची घाई होते, हे कुणाला सांगू नकोस.

भुवनेश्वरी

*

बंगळूर, २ डिसेंबर २०२४

भुवी,

तुझा गट आमच्या सगळ्या गटांत पहिला आला, असं साहेब म्हणाले. बक्षीस म्हणून एक कप पाठवतायत, त्यावर त्यांचं नाव आहे.

बाकी ठीक. एक सुचवू का? गोजाबाईंना म्हणावं, फुकटाच्या मांडवात फार दिवस पंगत मांडू नये. आमचा सर्व्हर म्हणजे मोठ्या लोकांचा मोठा मांडव. भाकरी-चटणीला आपलं गावातलंच छप्पर बरं. दुसरीकडं कुठं जागा मिळाली तर बघा. सणाच्या आधीच बघा, नंतर गर्दी असते.

संक्रांतीला सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला यायचं ठरवतोय. जमेल असं वाटत नाही.

चन्नवीर

*

सोलापूर, ६ डिसेंबर २०२४

चन्नूअण्णा,

कळलं. आमची भाकरी तुमच्या मांडवात शोभत नाही. अंकिताचा फोटो भिंतीएवढा लावताना शोभत होती, तेवढं काम झालं.

दुधनीच्या अडतीत पोत्यावर बसून दाणे खाणारा चन्नू मोठ्या लोकांचा झाला, याचा आनंद आहे. गोजाबाईंना तुझा निरोप दिला नाही. त्यांना टोमणे कळतात.

कप आला. त्यात पेनं ठेवलीत.

भुवनेश्वरी

*

सोलापूर, १० जानेवारी २०२५

चन्नवीर,

सोमवारी सकाळी गोजाबाईंची साइट बंद पडली. आम्हाला वाटलं, आमचंच काही चुकलं. अंकितानं दिवसभर स्वतःचा कोड तपासला. संध्याकाळी पंचाक्षरींना तुमच्या पानावर तळाला एक निवेदन सापडलं. फुकट सर्व्हर सहा तारखेपासून बंद, तिफणवर कंपनी इथून पुढं काम करणार नाही, सहकार्याबद्दल आभार. निवेदनाची तारीख एक जानेवारी. आम्हाला कुणी एक ओळ लिहिली नाही. तूही नाही.

भोगी सोमवारी आहे. त्यासाठीच्या शेवटच्या चार दिवसांच्या ऑर्डरी आणि पत्ते तिथंच होते. भाकरी तयार आहेत, कुणाला पाठवायच्या ते माहीत नाही. पाकिटावरच्या नंबरवर लोक फोन करून गोजाबाईंना फसवणारी म्हणतायत. बायका अंकिताच्या दारात आल्या होत्या. कुणी आवाज चढवला नाही. एकीनं फक्त विचारलं, पोरी, आता गं?

अंकिता तेव्हापासून माझ्या ऑफिसात बसून दुसऱ्या सर्व्हरवर साइट उभी करतेय. तुझा ‘कायमचा’ हा शब्द मी तिला दिला होता. त्यावर विसंबून तिनं तो बायकांना दिला.

आज मला चेष्टा सुचत नाहीये.

भुवनेश्वरी

*

बंगळूर, १० जानेवारी २०२५, संध्याकाळ

भुवी,

मला नोव्हेंबरअखेरीस कळलं होतं. कुणालाही बोललास तर खबरदार, असं बजावलं होतं. तरी डिसेंबरात तुला लिहिलं. सणाच्या आधी दुसरी जागा बघा, हे मी खरंच सांगत होतो. तू तो टोमणा समजलीस. तुझी चूक नाही. लहानपणापासून आपण एकमेकांशी सरळ एक वाक्य बोललेलो नाही, मग तेच एक वाक्य सरळ आहे हे तुला कसं कळावं? तुझं उत्तर आल्यावर मी फोन करायला हवा होता. भ्यालो. नोकरी जाईल असं वाटलं.

नोकरी सहा तारखेला गेलीच. आमचा सगळा विभाग काढला. हे दया येण्यासाठी सांगत नाही.

मला काय करता येईल ते बघतो.

चन्नवीर

*

सोलापूर, २ फेब्रुवारी २०२५

चन्नूअण्णा,

तुझ्या मेलला तीन आठवडे उत्तर दिलं नाही. ‘काय करता येईल ते बघतो’ हे वाक्य मी सरकारी कचेरीत इतक्यांदा ऐकलंय की उत्तर द्यावंसंच वाटलं नाही.

त्या शनिवारी आम्ही ऑफिसात साइट उभी करत होतो आणि वळसंगहून गोजाबाईंच्या नंबरवरून मेसेजनं एकेक पत्ता येत होता. मला वाटलं, गोजाबाईंची मुलगी गिऱ्हाइकांशी बोलून पत्ते जमवतेय. मनात म्हटलं, पोरगी हुशार निघाली. रविवारी सकाळच्या हुतात्मानं पंचाक्षरी आणि गटातली चौघं भाकरीची खोकी घेऊन पुण्याला गेली आणि दारोदार पोचवून आली. नाशिक आणि कोचीच्या भाकरी उशिरा पोचल्या, त्या लोकांना गोजाबाईंनी चटणी वरून दिली. दोघांनी परत ऑर्डर दिली नाही. बाकीचे टिकले.

काल वळसंगला गेले होते. गोजाबाईंना त्यांच्या मुलीचं कौतुक सांगायला लागले, तर त्या म्हणाल्या, “माजी पोरगी तवा सासरी हुती. तुमचा भाऊ हुता की.”

मग सगळं सांगितलं. तू सांगू नका म्हणाला होतास, आणि इतके दिवस त्यांनी सांगितलं नाही, हे नवल आहे. म्हणाल्या, शनिवारी सकाळी एक लांबडा माणूस दारात आला, रात्रभर बसमध्ये बसून आल्यासारखा. मी बंगळूरचा चन्नवीर म्हणाला.

“मी इचारलं, तुमी बंद केलं व्हय? म्हणला, मी न्हाई, कंपनीनं. मग म्हणलं, जावा की, तुमचं काय काम हितं? तर म्हणला, कायम चालंल म्हणून शबूद मी दिलता. मग म्हणलं, बसा. ह्यो फोन सकाळधरनं वाजतुया. आता तुमीच बोला.”

आणि तू बोललास. परिषदांमध्ये भाषणं करणारा माझा भाऊ चुलीशेजारी पाटावर बसून एकेका माणसाची माफी मागत होता आणि पत्ता लिहून घेत होता. कोथरूडच्या एका बाईंनी तुझा अतिशय शुद्ध मराठीत अपमान केला म्हणे. गोजाबाईंना त्यातलं निम्मं कळलं नाही, पण तुझं तोंड बघून अंदाज आला. दिवस मावळेपर्यंत बसलास, जेवलास आणि मुक्कामाला न राहता गेलास. सोलापूरवरून गेलास, अण्णा, माझ्या ऑफिसच्या खालून. वर आला नाहीस.

मी घरी येऊन आधी चिडले. मग तुझा डिसेंबरचा मेल पुन्हा वाचला, आणि त्यावरचं माझं उत्तर. उत्तर झकास जमलं होतं. लिहिताना मला फार हुशार वाटलं होतं.

आता गटाचं. तिफण कंपनीनं सोडलं, पण कोड खुला आहे आणि आमच्या सहा साइटी त्यावर चालतात. अशी माणसं आणखी असतील, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. नांदेडहून, हुबळीहून, एक व्हिएतनामहून, सगळे तुमच्या ओस पडलेल्या पानावर विचारत होते की आता हे कोण सांभाळणार? बरेच दिवस कुणी उत्तर दिलं नाही. मग अंकितानं लिहिलं, ‘आम्ही.’ आम्हाला न विचारता. पंचाक्षरी तिच्यावर भडकले, अर्धा तास बोलले आणि मग सगळ्यात अवघड काम स्वतःकडं घेतलं.

तर सध्या तुमच्या जागतिक फ्रेमवर्कचं मुख्यालय साडीच्या दुकानाच्या डोक्यावर आहे. पण आतल्या काही गोष्टी आम्हाला उलगडत नाहीत. तो कोड कुणी, का, कसा लिहिला हे माहीत असलेला माणूस हवा. आज सकाळी मी गटात तुझं नाव काढलं.

पंचाक्षरींनी सरळ विरोध केला. म्हणाले, ज्याला माहीत होतं आणि ज्यानं कोड्यात सांगितलं, तो पुढच्या वेळीही कोड्यातच सांगेल. मी वळसंगची हकिगत सांगितली. अंकिताला ती नवीन नव्हती, मावशीनं तिला आधीच सांगितलं होतं. ती बराच वेळ टेबलावरची पेनं सारखी करत राहिली.

मग म्हणाली, “येऊ देत. पण एक अट आहे. ज्याला जे कळेल, ते त्यानं त्याच दिवशी सांगायचं. आणि सरळ सांगायचं. चेष्टेत नाही.”

पंचाक्षरींनी विचारलं, ही अट फक्त त्याला का?

“नाही,” ती माझ्याकडं बघून म्हणाली. “सगळ्यांना.”

मी कबूल केलं. दुसरं काय करणार? तेव्हापासून हा मेल लिहितेय. आता पाच वाजले. वरचं सगळं अर्ध्या तासात लिहून झालं होतं, उरलेला वेळ पुढच्या दोन ओळींना लागला. सवय नाही.

अण्णा, तू ये. तू इथं असलास की मला बरं वाटेल.

भुवी